अकराव्याआधी दहावं : बायबल समजून वाचण्याची एक रीत

३१ डिसेंबरच्या रात्री अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) उपासना संपताना वचनांच्या चिठ्ठ्या वाटतात. हाती येईल ते आपलं वर्षभराचं वचन. त्यात यिर्मया २९:११ (यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९ वा अध्याय, ११ वं वचन) हमखास असतं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हाला आशा देणारे आहेत, असं परमेश्वर म्हणतो. मग तेच वचन लग्नपत्रिकेवर येतं, बारावीच्या मुलीच्या टेबलासमोर चिकटवलं जातं, ऑपरेशनच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. त्याच्या लगेच आधीचं दहावं वचन मात्र कोणी छापत नाही. त्यात म्हटलंय, बाबेलची (बॅबिलोनची) सत्तर वर्षं भरली की मग मी तुमची भेट घेईन.

सत्तर वर्षं. बाबेलला कैद करून नेलेल्या ज्या लोकांना हा निरोप गेला, त्यांच्यातल्या कर्त्या माणसांना याचा अर्थ लगेच कळला असणार: आपली हाडं इथेच पडणार.

अकरावं वाचण्याआधी दहावं वाचायचं, एवढी सवय लागली तरी निम्मं काम होतं. पुढची रीत त्यासाठीच आहे. तिला हिब्रू-ग्रीक यायची गरज नाही आणि तुम्ही ख्रिस्ती असायलाच हवं अशीही अट नाही. वही, पेन्सिल आणि फोन बाजूला ठेवलेला अर्धा तास, एवढं पुरतं.

१. हातातली प्रत ओळखून घ्या

प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. फरक जुन्या करारात आहे. तोबीत, मक्काबींची दोन पुस्तकं वगैरे कॅथलिक प्रतीत सापडतात. नवा करार दोघांचा २७ पुस्तकांचाच. वसईतल्या कॅथलिक मैत्रिणीने दिलेला संदर्भ अहिल्यानगरच्या प्रॉटेस्टंट घरात सापडला नाही, तर आधी हे आठवा.

पानावरचं सगळंच मूळ लेखकाचं नसतं. अध्याय पाडण्याचं श्रेय तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूला दिलं जातं. नव्या करारातले वचनांचे आजचे आकडे रोबेर एस्तिएन या छापखानदाराने १५५१ च्या आवृत्तीत घातले. शोधायला ते फार सोयीचे आहेत, पण विचार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्यांना विचारू नका. दुःख सोसणाऱ्या सेवकाचं प्रसिद्ध गीत यशयाच्या ५३ व्या अध्यायाचं म्हणून सगळे ओळखतात. ते सुरू होतं ५२:१३ ला. १ करिंथ ११:१ हे खरं तर दहाव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य आहे. परिच्छेदांवरचे ठळक मथळे संपादकांचे. मी पहिल्या वाचनात ते चक्क झाकते, कारण मथळा वाचला की अर्थ आधीच ठरून जातो आणि आपण फक्त मान डोलावतो.

तळटीपा मात्र सोडू नका. मार्क १६:९-२० किंवा योहान ७:५३-८:११ या भागांना कंस किंवा टीप दिसेल. सगळ्यात जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत हे भाग नाहीत, म्हणून ती खूण. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. संपादकांनी लपवाछपवी केली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शक्यतो दोन भाषांतरं शेजारी ठेवा: एक उपासनेत वाचलं जातं ते जुन्या वळणाचं, एक सोप्या मराठीतलं. मोबाइलवर दोन्ही मिळतात. मराठीत ही सोय आयती मिळालेली नाही. मिशनरी विल्यम केरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूरच्या) छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेऊन, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल केलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालं. दोन भाषांतरं जिथे वेगळी वाटतील तिथे पेन्सिलीने खूण करा. बहुतेक वेळा तिथेच मूळ वाक्य अवघड असतं.

२. वचन नाही, अख्खा भाग वाचा

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट ठेवायचं ही पद्धत अनेक घरांत आहे. भक्तिभावाने करतात हे मान्य, पण कोणाच्या आईचं पत्र आलं तर आपण असं वाचत नाही. मार्कचं शुभवर्तमान (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) मोठ्याने वाचायला साधारण दीड तास लागतो. रूथ आणि योना एकेका बैठकीत होतात. सुरुवात यांच्यापासून करा. उत्पत्तीपासून क्रमाने वाचायचा निश्चय करणारे बहुतेक लेवीयच्या यज्ञविधींत अडकतात, आणि थेट शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात उडी मारणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात युट्यूबवरचा कोणीतरी भविष्यवेत्ता गाठतो.

रविवारच्या मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) वाचनं ठरलेली असतात. तीन वर्षांच्या चक्रात एका वर्षी मुख्यतः मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक. वाचलेल्या भागात मधली काही वचनं गाळलेली असू शकतात. शनिवारी रात्री तो पूर्ण अध्याय घरी वाचून गेलात, तर फादरांचं प्रवचन वेगळंच ऐकू येईल.

३. कोण बोलतंय, कोणाला, केव्हा

आता यिर्मयाकडे येऊ. अध्याय २९ उघडा आणि वहीत चार रकाने आखा: कोण, कोणाला, केव्हा, कशासाठी. उत्तरं बाहेर शोधावी लागत नाहीत, पहिल्या तीन वचनांतच आहेत. हे पत्र आहे. लिहिणारा यिर्मया यरुशलेमेत आहे. वाचणारे बाबेलात आहेत: बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेचा यकन्या राजा, राजमाता, सरदार, कारागीर आणि लोहार यांना पकडून नेलं, ते लोक. म्हणजे इ.स.पू. ५९७ ची पहिली मोठी हद्दपारी. यरुशलेम आणि मंदिर अजून उभं आहे. त्यांचा विध्वंस पुढे ५८६ मध्ये व्हायचाय. पत्र नेणारे दोघे, एलासा आणि गमऱ्या, हे यकन्याच्या जागी आलेल्या सिद्कीया राजाने बाबेलला पाठवलेल्या कामावर निघालेत. पत्र दरबारी माणसांच्या हाती जातंय आणि त्यात राजकारणही आहे, हे लक्षात घ्या.

'कशासाठी' या रकान्यासाठी एक अध्याय मागे जावं लागतं. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल: मंदिरातली पात्रं, राजा, कैदी, सगळं. बाबेलच्या अधीन राहावं लागेल याची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू असतं. हनन्या ते काढून मोडून टाकतो. यिर्मया आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. त्याला हनन्याचं बोलणं खोटं पडावं अशी हौस नव्हती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पण त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मरतो, आणि दोन वर्षांत कोणीही परतत नाही.

आता पत्रातला मजकूर वाचा. घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं इच्छा आणि त्यासाठी प्रार्थना करा. तुमच्यातल्या संदेष्ट्यांचं आणि ज्योतिष्यांचं ऐकू नका. मग सत्तर वर्षं, आणि मग अकरावं वचन.

म्हणजे ज्या वचनाचा आपण 'लवकरच सगळं सुरळीत होईल' असा अर्थ घेतो, ते नेमकं 'लवकर होईल' म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून लिहिलं गेलं. चिठ्ठीवर हे वचन वाचून आनंदणारा माणूस नकळत हनन्याच्या बाजूला उभा राहिलेला असतो.

पत्राचे परिणामही त्याच अध्यायात आहेत. शमाया नावाचा एक जण बाबेलहून उलट पत्रं पाठवतो: या यिर्मयाला खोड्यात का घालत नाही? तो आम्हाला घरं बांधायला सांगतोय! पत्र मिळालेल्या लोकांनी त्याचा अर्थ काय घेतला, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. त्यांनी ते दिलासा म्हणून वाचलं नाही, त्यांना संताप आला.

४. हेच वचन बायबलमध्ये आणखी कोणी वाचलंय का?

समासात किंवा तळाशी दिलेले बारीक संदर्भ इथे उपयोगी पडतात. ते दानीएल ९:२ कडे नेतात. तिथे म्हातारा झालेला दानीएल यिर्मयाचा ग्रंथ वाचतो आणि सत्तर वर्षांचा हिशोब त्याच्या लक्षात येतो. मग तो काय करतो? उपास करतो, गोणपाट नेसतो आणि आपल्या लोकांच्या पापांची कबुली देतो. 'आता हे माझं वचन' असं म्हणत नाही.

सत्तर हा आकडा कसा मोजायचा यावर अभ्यासकांत मतं आहेत. मंदिर पडलं ५८६ मध्ये, पुन्हा बांधून झालं ५१६ मध्ये. ही एक मोजणी बरोबर सत्तर भरते. पण बाबेल इराणचा राजा कोरेश याच्या हाती गेलं ५३९ मध्ये आणि पहिल्या हद्दपारीपासून मोजलं तर साठही भरत नाहीत. ज्या ग्रंथाच्या स्वतःच्या आकड्यांत इतकी ऐसपैस जागा आहे, त्यावरून जगबुडीची तारीख काढणाऱ्यांपासून दोन हात लांब राहावं.

आणखी एक संदर्भ समासात कदाचित नसेल, तो मी देते: स्तोत्र १३७. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचं हे गीत पहिल्या सहा वचनांत इतकं सुंदर आहे की मंडळीत आपण तेवढंच म्हणतो. शेवटच्या वचनात बाबेलच्या तान्ह्या मुलांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. म्हणजे एकाच हद्दपारीबद्दल एका पत्रात 'या शहरासाठी प्रार्थना करा' आणि एका गीतात हा शाप. यातला कुठला 'बायबलचा संदेश'? हा प्रश्न पडलाच पाहिजे. पडत नसेल तर आपण अजून वरवर वाचतोय. त्याचं उत्तर पुढच्या पायरीत आहे.

५. लिखाणाचा प्रकार ओळखा

पत्रात आज्ञा असते. स्तोत्रात माणूस देवासमोर मन मोकळं करतो, आणि त्या मनात काय काय असतं ते तसंच्या तसं नोंदलेलं आहे. १३७ वं स्तोत्र मुलं मारायची परवानगी देत नाही. ज्यांची मुलं डोळ्यांदेखत मारली गेली त्यांचा हा टाहो आहे, आणि त्यांनी तो हत्यार उचलण्याऐवजी देवापुढे मांडलाय. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ च्या 'देई व्हेर्बुम' या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलंय की लेखकाला काय म्हणायचं होतं हे कळायला साहित्यप्रकाराकडे लक्ष द्यायला हवं.

नीतिसूत्रांचं बघा. २६:४ म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. २६:५ म्हणतं, दे. ही चूक नाही. म्हणी अशाच असतात. कुठली केव्हा लागू करायची हे ज्याला कळतं तो शहाणा. म्हणूनच मुलाला योग्य वळण लावलं तर तो म्हातारपणीही त्यापासून ढळणार नाही (२२:६), हे अनुभवाचं बोल आहे, लेखी हमी नव्हे. वाया गेलेल्या मुलाच्या आईला हे वचन ऐकवून तिच्या दुःखात भर घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना कोणीतरी थांबवायला हवं.

ईयोबाच्या पुस्तकात तर बोलणारा कोण हेच सगळं ठरवतं. दुकानाच्या उद्घाटनाला '८:७' छापतात: तुझी सुरुवात लहान असली तरी शेवटी तुझी भरभराट होईल. हे वाक्य ईयोबाच्या तीन मित्रांपैकी बिल्ददचं आहे. तीन वचनं आधी, ८:४ मध्ये, हाच बिल्दद मुलं गमावलेल्या ईयोबाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवाने त्यांना त्याची फळं भोगायला लावली. आणि पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, परमेश्वर अलीफजला म्हणतो, तुझा आणि तुझ्या दोघा मित्रांचा मला राग आलाय, कारण तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. ज्याच्या भाषणावर देवाने स्वतः नापसंती नोंदवली, त्याचं वाक्य आपण पाटीवर लावतो.

दाखल्यांबाबत, म्हणजे येशूच्या बोधकथांबाबत, एकच सूचना: प्रत्येक वस्तूचा गुप्त अर्थ लावत बसू नका. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०) ऑगस्टीन या प्राचीन धर्मपंडिताने उतारशाळा म्हणजे चर्च आणि तिचा मालक म्हणजे प्रेषित पौल असं लावलं होतं. प्रवचनात ते रंगतं, पण ज्या शास्त्र्याने येशूला प्रश्न विचारला त्याने उतारशाळेत पौल पाहिला नसता. त्याने ऐकलं ते एवढंच की लुटून अर्धमेल्या टाकलेल्या माणसाजवळून याजक आणि लेवी पुढे निघून गेले आणि थांबला तो यहूद्यांशी वैर असलेल्या समाजातला शोमरोनी. हा धक्का केवढा, हे कळायला एकच अध्याय मागे जा. लूक ९:५२-५४ मध्ये शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला थारा दिला नव्हता आणि याकोब-योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते.

६. नकाशा, पैसे, अंतरं

यात फार वेळ घालवू नका, पण टाळूही नका. त्याच दाखल्यात माणूस यरुशलेमेहून 'खाली' यरीहोला जात होता. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली, आणि मध्ये पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचा ओसाड उतार. लुटारूंना याहून सोयीची जागा नाही.

मत्तय १८ मधला क्षमा न करणारा चाकर घ्या. त्याचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झाली. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. त्याने ज्याचा गळा धरला त्याचं देणं शंभर दिनार, साडेतीन-चार महिन्यांची कमाई. ती रक्कमही लहान नाही. हे मुद्दाम सांगते, कारण प्रवचनात तिला 'किरकोळ' म्हणतात. ज्याला क्षमा करायची त्याने आपलं खरंच नुकसान केलेलं असतं, म्हणूनच ते जड जातं.

७. नवा करार जुन्यातलं वाक्य घेतो तेव्हा

तिथे थांबा आणि मूळ जागी जाऊन या. वधस्तंभावर येशू 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' म्हणतो. ती २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. अख्खं स्तोत्र वाचलं तर ते कुठे संपतं तेही कळेल. कधीकधी मात्र मूळ जागी गेल्यावर गोंधळ वाढतो. मत्तय २:१५ मध्ये येशू मिसरातून (इजिप्तमधून) परतल्याबद्दल 'मी आपल्या पुत्राला मिसरातून बोलावलं' हे वाक्य येतं. होशेय ११:१ मध्ये तो पुत्र म्हणजे इस्राएल राष्ट्र, आणि क्रियापद भूतकाळातलं आहे. मत्तयाला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. तो इस्राएलची सगळी कहाणी येशूच्या आयुष्यात पुन्हा घडताना दाखवतोय: मिसर, पाणी, अरण्य, डोंगर. तुम्ही श्रद्धेने वाचत असाल वा नसाल, तो काय करतोय हे ओळखल्याशिवाय तो बरोबर की चूक हे ठरवता येत नाही.

८. आता तुमच्यासाठी काय

ही पायरी शेवटी आहे हे बघा. संदेश सांगणारे बरेच जण इथूनच सुरुवात करतात. वहीत तीन ओळी लिहा. त्या लोकांना काय करायला सांगितलं होतं? त्यांच्या आणि माझ्या परिस्थितीत काय सारखं आहे, काय नाही? आणि देवाबद्दल यात असं काय आहे जे दोन्हीकडे टिकतं?

यिर्मया २९ ला हे लावा. तुम्ही बाबेलचे कैदी नाही, तेव्हा सत्तर वर्षांनी यरुशलेमेला परतण्याचं आश्वासन तुमचं नाही. पण ज्या जागी मनाविरुद्ध येऊन पडलात तिथे घर बांधायचं, बाग लावायची, त्या गावाचं भलं चिंतायचं, हे लागू होतं. नोकरीसाठी शहराच्या टोकाला किंवा दुबईत जाऊन पडलेल्या आणि 'इथे काय, दोन वर्षांचा प्रश्न आहे' म्हणत सामान न उघडणाऱ्या माणसाला सातवं वचन जास्त कामाचं. 'तुमच्याविषयी' हे अनेकवचन आहे, हेही टिपून ठेवा. ते आश्वासन समाजाला होतं आणि त्याची पूर्तता नातवंडांनी पाहिली. माझ्या प्रमोशनची तारीख त्यात नाही. देव आपल्या लोकांना विसरत नाही, एवढं मात्र त्यात नक्की आहे आणि आजारी माणसाच्या उशाशी तेवढं पुरेसं मोठं आहे.

काढलेला अर्थ एकट्याने पक्का करू नका. बायबल अभ्यासाच्या गटात मांडा, आणि गटात सगळे एकाच वयाचे, एकाच परिस्थितीतले नसतील तर फारच उत्तम. भाष्यग्रंथ, पाळकसाहेबांचं मत, जुन्या मंडळीने तो भाग कसा वाचला, हे सगळं आता बघा. आधी बघितलं की स्वतःचे प्रश्न पडतच नाहीत.

सरावासाठी

पौलाचं फिलेमोनाला पत्र घ्या. पंचवीस वचनं आहेत, पाच मिनिटांत होतं. मथळे झाका, मोठ्याने वाचा, चार रकाने भरा. अनेसिम नावाच्या दासाला पौल त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवतोय. पत्र फक्त फिलेमोनाला आहे का, हे दुसऱ्या वचनात पाहा: त्याच्या घरी जमणारी मंडळीही त्यात आहे, म्हणजे ही खासगी वाटणारी विनंती सगळ्यांसमोर वाचली जाणार होती. अठरा-एकोणिसाव्या वचनात पैशाचा विषय कसा येतो आणि पौल 'तुझ्यावर माझं ऋण आहे हे मी बोलत नाही' म्हणत म्हणत ते कसं बोलून टाकतो, तेही पाहा. बाविसाव्यात तो म्हणतो, माझ्यासाठी राहायची सोय करून ठेव. मग कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडा आणि नवव्या वचनात अनेसिमाचं नाव कसं घेतलंय ते फिलेमोनाच्या सोळाव्या वचनाशेजारी ठेवून बघा.

पौलाने 'त्याला मोकळं कर' असं सरळ का लिहिलं नाही, यावर गटात किमान दोन मतं निघतील. दोन्ही लिहून घ्या, आणि प्रत्येकाखाली तिला आधार देणारं वचन आणि तिला अडचणीत आणणारं वचन असं दोन्ही नोंदवा.